दोन वॅग्नर

हे मनन घाईत वाचायचं नाही. एका बैठकीत संपलं नाही तरी चालेल. जुनी, म्हणजे विंटेज बेसबॉल कार्डं जमवणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलं आहे; पण बेसबॉलचा एकही सामना न पाहिलेल्या, मात्र कुठल्याशा वस्तूवर जीव जडलेल्या माणसालाही सोबत बसता येईल. एखादा लिलाव चालू असेल तर आजच्यापुरता त्याचा नाद सोडा. आज बोली लावायची नाही, एवढं एक आधी ठरवून टाकू. ठरलं की अंग जरा सैल होतं. होऊ द्या.

आता एक कार्ड डोळ्यांसमोर आणा. दीड इंचाला किंचित कमी रुंद, अडीच इंचांहून थोडं उंच. तळहातावर ठेवून मूठ मिटली तर दिसणारही नाही एवढं. चारी बाजूंनी पांढरी किनार. आत नारिंगी रंग, आणि त्यावर रुंद खांद्यांचा, भांग पाडलेला एक माणूस. छातीवर संघाचं नाव. नजर आपल्याकडे नाही, थोडी बाजूला आहे. खाली तपकिरी अक्षरांत आडनाव आणि गाव: वॅग्नर, पिट्सबर्ग. इंग्रजी स्पेलिंगमधला आज असतो तो शेवटचा 'एच' तिथे नाही. त्या काळी सरकारदरबारी तो गाळलेला होता, १९११ मध्ये तो परत आला. मूळचा फोटो बॉस्टनच्या कार्ल हॉर्नर यांच्या स्टुडिओतला. त्यावर रंगांचे थर चढवत शिळाछापाने कार्ड छापलं. त्या माणसाच्या कॉलरकडे बघा, गालावर चढवलेल्या रंगाकडे बघा. पुढे जायची घाई नाही.

हे होनस वॅग्नरचं टी-२०६ कार्ड. या छंदात 'स्वप्नातलं कार्ड' म्हटलं की बहुतेकांच्या मनात हेच उभं राहतं. २०२२ मध्ये त्याची एक प्रत खाजगी व्यवहारात साडेबाहत्तर लाख डॉलरला गेली. तीही कोरी करकरीत नव्हती, दहापैकी दोन गुणांची होती. आकडा मनात आला असेल. त्याच्याशी भांडू नका, त्याची रुपयांत फोडही करू नका. थोडा वेळ तो तसाच राहू दे.

त्याच्या शेजारी दुसरं कार्ड ठेवा. माप तेच, किनार तशीच, छापखान्याची धाटणीही तीच. या कार्डावर खांद्यावर बॅट घेतलेला एक खेळाडू आहे, आणि त्याचंही आडनाव वॅग्नरच. हा हायनी वॅग्नर, बॉस्टनचा. होनसचा भाऊबंद वगैरे नव्हे, नुसता आडनावबंधू. हाही शॉर्टस्टॉपच, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली जागा राखणारा. चेंडू सगळ्यांत जास्त वेळा जिथे झेपावतो ती जागा. १९१२ मध्ये बॉस्टनने अजिंक्यपद जिंकलं तेव्हा तो संघात होता. चांगला खेळाडू, पण आज अमेरिकेतसुद्धा हे नाव फार थोड्यांना आठवेल. त्याचं कार्ड कोपरे झिजलेलं, मधे एखादी घडी पडलेलं असं घेतलं तर शंभर डॉलरच्या आत मिळतं.

दोन्ही वॅग्नर एकाच संचातले. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या आणि तंबाखूच्या पाकिटांत ही कार्डं घातली. पाकीट मोडू नये म्हणून आत जाड कागद लागायचाच, त्यावर चित्र छापलं तर गिऱ्हाईक बांधलं जातं, एवढा साधा हिशेब होता. पोरं दुकानाबाहेर उभी राहून मोठ्या माणसांकडे कार्डं मागायची. कार्डाच्या पाठीवर ब्रँडची जाहिरात असे: पीडमाँट, स्वीट कॅपोरल, पोलर बेअर, सॉव्हरिन. 'हिंदू' नावाचाही एक ब्रँड त्यात होता, आणि ती पाठ असलेली कार्डं आज जास्त दाम देऊन घेतात. सगळे प्रकार धरले तर संच ५२४ कार्डांचा होतो. संग्राहक त्याला 'मॉन्स्टर' म्हणतात, कारण तो फार मोठा आहे आणि पुरा करायला फार अवघड. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कंपनीची मक्तेदारी मोडून तिचे तुकडे करायला लावले.

आता पुन्हा दोन्ही कार्डांकडे बघा. कागद त्याच जातीचा, शाई तशीच, वय तेच. तंबाखूचा वासही दोघांच्या वाट्याला आलेला. असं असताना एकाची किंमत शंभर डॉलरच्या आत आणि दुसऱ्याची कित्येक लाख डॉलर. ही तफावत कुठे आहे? उत्तर तुम्हाला ठाऊक असेलही. तरी लगेच देऊ नका. मला या छंदातला हा प्रश्न सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण आपल्याला नेमकं काय हवं आहे ते याच्याच पोटात दडलेलं असतं.

पहिलं उत्तर येतं: माणूस मोठा होता. खरंच होता. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या मुलुखातला हा मुलगा. नॅशनल लीगमध्ये आठ वेळा फलंदाजीत पहिला. १९३६ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी पहिले पाच खेळाडू निवडले, त्यात हा होता. बाकीचे चार टाय कॉब, बेब रूथ, क्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन. पण याच संचात कॉबचीही चार कार्डं आहेत. कॉबचा मोठेपणा तसूभर कमी नाही, तरी त्याची तांबड्या पार्श्वभूमीची प्रत वॅग्नरच्या किमतीच्या जवळपासही जात नाही. म्हणजे नुसता मोठेपणा पुरत नाही.

मग दुसरं उत्तर: दुर्मीळ आहे. वॅग्नरचं कार्ड लवकरच छपाईतून काढलं गेलं. एक हकिकत अशी की, आपल्या चित्रासाठी पोरांनी तंबाखू घ्यावी हे त्याला रुचलं नाही. दुसरी अशी की, त्याला मोबदला हवा होता. तो स्वतः तंबाखू चघळायचा आणि त्याआधी एका सिगारच्या लेबलावरही झळकला होता, त्यामुळे दोन्ही बाजूंनी वाद चालूच आहे. काही असो, आज त्याच्या पन्नास-साठ प्रती माहीत आहेत. पण जरा थांबा. याच संचात जो डॉइलचं एक कार्ड आहे. न्यूयॉर्कचा संघ चुकीच्या लीगमध्ये दाखवल्यामुळे ते दुरुस्त केलं गेलं, आणि चुकीच्या प्रती अगदी थोड्या उरल्या. वॅग्नरच्या प्रतींहून कितीतरी थोड्या. तरीही त्याला वॅग्नरचा भाव येत नाही. म्हणजे दुर्मीळपणाही पुरत नाही.

याच्या उलट टोकाचं कार्ड म्हणजे मिकी मँटल या खेळाडूचं १९५२ चं टॉप्स कंपनीचं कार्ड, क्रमांक ३११. त्या संचाच्या शेवटच्या मालिकेत, ३११ ते ४०७ मध्ये, मँटलचं कार्ड छपाईच्या तावावर दोनदा बसवलं होतं. म्हणजे त्याच मालिकेतल्या बऱ्याच अनाम खेळाडूंपेक्षा त्याच्या प्रती जास्त निघाल्या. ती मालिका हंगामाच्या शेवटी बाजारात आली, पोरांचं लक्ष तोवर फुटबॉलकडे वळलं होतं, आणि माल पडून राहिला. ज्यांनी हा संच आखला त्या साय बर्गर यांनी पुढे सांगितलेली हकिकत अशी की, १९६० च्या सुमारास त्यांनी न विकलेल्या पेट्या तराफ्यावर लादून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिकमध्ये बुडवल्या. आपली कितीतरी मराठी कुटुंबं आज न्यू जर्सीत राहतात, उन्हाळ्यात त्याच समुद्रावर जातात. त्या पाण्याखाली काय गेलं याची त्यातल्या एखाद्या क्रिकेटवेड्या बापाला कल्पना आली तर तो क्षणभर तरी लाटांकडे निराळ्या नजरेने बघेल.

त्या मँटलची एक प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. ती विकणाऱ्याने १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला घेतली होती. हे वाचताना छातीत काय होतं ते बघा. मला वाटतं, इथे बहुतेकांचा श्वास किंचित वर येतो. 'तेव्हा मी घेतलं असतं तर', किंवा 'आता मी घेतलं तर'. हा विचार कार्डाविषयीचा राहिलेला नाही. मँटलचं निळं आकाश, खांद्यावरची पिवळी बॅट, सगळं धूसर झालं आणि पुढे फक्त आकडा उरला. यात लाजण्यासारखं काही नाही. पैशाची ओढ माणसाला असायचीच. पण ती ओढ वेगळी आहे, आणि तिची मर्यादाही वेगळी असायला हवी, हे शांतपणे नोंदवून ठेवा. २०२० आणि २०२१ मध्ये कार्डांचे भाव भराभर चढले, आणि चढत्या भावात घेतलेल्या अनेकांना पुढच्या काळात ते उतरताना पाहावे लागले. ज्यांनी चेहऱ्यासाठी घेतलं होतं, त्यांच्याकडे चेहरा तरी राहिला.

हे सोडून द्या थोडा वेळ. कागदाकडे येऊ.

एक झिजलेलं टी-२०६ कार्ड हातात आहे असं समजा. हायनीचंच घ्या. कोपरे गोल झालेत. उजव्या खालच्या कोपऱ्यातून एक बारीक घडी वर जाते आणि बॅटच्या मुठीपाशी विरते. उजेडात तिरकं धरल्याशिवाय ती दिसत नाही. किनार पांढरी म्हणायची, पण खरं तर जुन्या हिशेबाच्या वहीसारखी पिवळसर. डावीकडची किनार उजवीपेक्षा अरुंद आहे, कापताना यंत्र सरकलं असेल. उलटं करा. पाठीवर पोलर बेअरची जाहिरात असेल तर कडेला तपकिरी डाग दिसेल, कारण या ब्रँडची तंबाखू सुटी असायची आणि कार्ड थेट तिच्यात पडलेलं असायचं. त्या डागावरून नजर हलवू नका. कुणीतरी हे पाकीट फोडलं, कार्ड काढलं, ते फेकलं नाही. शंभराहून अधिक वर्षं कुणी ना कुणी ते फेकलं नाही.

गुण देणाऱ्या कंपन्या याच सगळ्याचं मोजमाप करतात. कोपरे, कडा, पृष्ठभाग, चित्र मधोमध आहे की नाही. १ ते १० पर्यंत आकडा देतात आणि कार्ड कडक प्लास्टिकमध्ये बंद करतात. त्याचा उपयोग आहे. खोटी कार्डं आणि कापून सुबक केलेली कार्डं ओळखायला त्याने मदत होते. पण एक गुण वर गेला की किंमत कधी दुप्पट होते, कधी पाचपट. तेव्हा मनाला विचारा: हा वरचा गुण मला डोळ्यांनी दिसतो का? प्लास्टिकवरची चिठ्ठी झाकली तर या दोन प्रतींतली कुठली माझी, ते मला सांगता येईल का? कोणाचंही उत्तर चुकीचं नाही. काहींना खरोखरच कोरा कोपरा पाहून आनंद होतो. पण ज्यांना होत नाही, ते जन्मभर दुसऱ्याच्या आनंदाची किंमत चुकवत राहतात.

इथे दोन कापलेल्या कार्डांची आठवण काढायलाच हवी, कारण माझ्या मते त्यांतून जितकं कळतं तितकं कुठल्याही भावपत्रकातून कळत नाही. जगातलं सगळ्यांत देखणं समजलं गेलेलं होनस वॅग्नर कार्ड १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याचा भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी सदबीजच्या लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं. त्याला ८ गुण मिळाले. पुढे ते हात बदलत गेलं आणि २००७ मध्ये त्याला २८ लाख डॉलर आले. शेवटी २०१३ मध्ये बिल मॅस्ट्रो या एकेकाळच्या बड्या व्यापाऱ्याने न्यायालयात कबूल केलं की, त्याच्या कडा आपण कापल्या होत्या. कोपरे टोकदार दिसावेत म्हणून. म्हणजे इतकी वर्षं ज्या कडांसाठी लोक पैसे ओतत होते, त्या कडा १९०९ च्या नव्हत्याच.

दुसरं कार्ड बाल्टिमोरच्या ख्रिस्ती जोगिणींच्या एका संस्थेला मृत्युपत्रातून मिळालं. तेही होनस वॅग्नरच. त्याची पांढरी किनार जवळजवळ सगळी कापून टाकलेली, कार्डाला घड्या, आणि कुणीतरी कधीतरी ते लॅमिनेट केलेलं. २०१० मध्ये तेही लिलावात गेलं आणि २ लाख ६२ हजार डॉलर आले. दोन्ही कार्डांवर कात्री चालली होती. एकावर चालली ती झीज लपवण्यासाठी. दुसऱ्यावर चालली ती बहुधा एखाद्या वहीत नीट बसावं म्हणून, किंवा नुसतीच, हाताला चाळा म्हणून. आता या दोन्हींपैकी एक घरात ठेवायचं असेल तर कुठलं ठेवाल? पैशाचा विचार न करता. उत्तर आलं की त्याला धरून ठेवू नका, पण ते विसरूही नका. मर्यादा ठरवताना ते उपयोगी पडेल.

एवढ्या वेळात इच्छेचे धागे थोडे सुटे झाले असतील. त्या खेळाडूचं प्रेम हा एक. त्या काळात शिरण्याची ओढ हा दुसरा. इतर कुणाकडे नाही ते आपल्याकडे असावं, हा तिसरा. कोरेपणा, चौथा. नफा. आणि एक धागा जरा खोलात असतो, तो वर यायला वेळ लागतो: संग्राहकांच्या घोळक्यात आपलं नाव निघावं, दरवर्षी भरणाऱ्या राष्ट्रीय मेळाव्यात आपल्या टेबलाभोवती माणसं जमावीत. हे सगळे धागे एका पिळात असले की तो पीळ 'स्वप्न' म्हणून ओढतो, आणि मग कुठलीच मर्यादा टिकत नाही. सुटे केले की बहुतेक धाग्यांची किंमत आवाक्यातली निघते. त्या काळात शिरायचं असेल तर हायनी वॅग्नर पुरतो. खेळाडूवर प्रेम असेल तर होनसचं दुसरं एखादं कार्ड, किंवा नितळ छपाईचं त्याचं चांगलं पुनर्मुद्रण, जोवर ते पुनर्मुद्रण म्हणून घेतलेलं आहे तोवर. इतरांकडे नाही ते हवं असेल, तर या संचात कमी भावाच्या खेळाडूंची दुर्मीळ पाठ शोधत बसण्यात आयुष्य जाईल आणि मजेत जाईल.

पण एक इच्छा आपल्यात बाहेरूनही पेरली जाते, तिच्याकडे जरा बघायला हवं. १९३३ मध्ये बॉस्टनच्या गाउडी गम कंपनीने एक सेंटच्या च्युइंगमसोबत २४० कार्डांचा संच काढला. पोरं क्रमांक लावत बसली, आणि १०६ कुणालाच सापडेना. तो छापलाच नव्हता. एकाच कार्डासाठी पोरांनी गम घेत राहावं, म्हणून तो मुद्दाम वगळला असं मानलं जातं. तक्रारी आल्या तेव्हा १९३४ मध्ये १०६ क्रमांकाचं कार्ड छापून, ज्यांनी पत्रं लिहिली त्यांना टपालाने पाठवलं. त्यावर नॅप लाझुएचं चित्र. तो खेळाडू कधीच निवृत्त झाला होता. उरलेल्या प्रतींपैकी बऱ्याच कार्डांवर कागद अडकवायच्या क्लिपचा वळ दिसतो, कारण पत्राला ती तशीच जोडून आली होती. आज तेही अनेकांचं स्वप्न आहे. नव्वद वर्षांपूर्वी एका मुलाच्या वहीत रिकामी राहिलेली जागा अजून ओढते. त्या मुलाकडे थोडा वेळ मायेने बघा. त्याच्या खिशात किती सेंट होते, आणि तो किती घालवून बसला, याचा विचार करा. मग स्वतःकडे तसंच मायेने बघा.

आता मर्यादा. हा शब्द ऐकताच जबडा आवळला असेल तर सैल सोडा.

एक कागद घ्या. मोबाइलमधली नोंद नको, कागदच घ्या. त्यावर महिन्याला या छंदासाठी किती बाजूला काढता येतील तो आकडा लिहा. घराचा हप्ता, मुलांची फी, म्हातारपणाची तरतूद, गावाकडे पाठवायचं असेल तर तेही, हे सगळं गेल्यावर उरतं त्यातलं. समजा शंभर डॉलर. आता दोन्ही वॅग्नर या शंभरात मोजून बघा. हायनीला एक महिना. होनसला, त्या साडेबाहत्तर लाखांच्या हिशेबाने, सहा हजार वर्षांहून जास्त. हा आकडा बघून खिन्न व्हायचं कारण नाही. उलट एक ओझं उतरतं. हे कार्ड घेणं हा माझ्या आयुष्यातला प्रश्नच नाही. त्याच्यावर प्रेम करणं हा आहे, आणि त्याला काही लागत नाही. मधे कुठेतरी तांबड्या पार्श्वभूमीचा कॉब आहे. झिजलेला असला तरी हजार डॉलरच्या पुढे जातो, म्हणजे वर्ष-दीड वर्ष. असं कार्ड माणसाला थांबायला शिकवतं. वाट बघण्याइतकं दूर, आणि पोहोचता येईल इतकं जवळ. स्वप्नातलं कार्ड निवडायचंच असेल तर या अंतरावरचं निवडावं असं मला मनापासून वाटतं.

आता तो आकडा घरात मोठ्याने वाचून दाखवता येईल का, ते बघा. बायकोला, नवऱ्याला, ज्यांच्याशी संसार आहे त्यांना. 'कॉबच्या कार्डासाठी दीड वर्षात अमुक इतके डॉलर' हे वाक्य तोंडातून सहज निघतं का? जिथे आवाज खाली येतो, किमतीतला एखादा शून्य गिळावासा वाटतो, 'ते स्वस्तात मिळालं' असं म्हणावंसं वाटतं, तिथे खूण करा. खरी मर्यादा बहुधा तिथेच असते, बँकेतल्या शिलकेच्या बऱ्याच अलीकडे.

आणखी एक बारीक हिशेब आहे, तो शांतपणी केलेला बरा, कारण ऐनवेळी तो कुणी करत नाही. बऱ्याच लिलावघरांत बोलीवर खरेदीदाराकडून आणखी वीस टक्के घेतात. त्यावर टपाल, विमा, आणि राज्याप्रमाणे विक्रीकर. खिशातून जास्तीत जास्त हजार डॉलर जाऊ द्यायचे असतील, तर बोली आठशेतेहतीसच्या वर जाता कामा नये, आणि हे टपाल, विमा आणि कर धरण्याआधी. कागदावर वरचा आकडा लिहू नका, बोलीचा लिहा. लिलावाच्या रात्री तोच लागणार आहे.

त्या रात्रीतून एकदा मनानेच जाऊन या. कार्डांच्या अनेक लिलावांत ठरलेली वेळ झाली तरी लिलाव संपत नाही. नवी बोली आली की वेळ वाढते, बोली थांबेपर्यंत. मध्यरात्र उलटते. घर झोपलेलं असतं. कुणीतरी तुमच्या वर पन्नास डॉलर चढवले. तुम्ही पुन्हा पन्नास. आता समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, कार्डावरचा कॉबही दिसत नाही, फक्त 'तुमची बोली मागे पडली' एवढं दिसतं. इथे मन म्हणतं: एवढं आलोय, आता पन्नासासाठी सोडायचं? आणि त्याच्या मागोमाग दुसरं: पुन्हा मिळणार नाही. ही दोन वाक्यं ऐकू आली की हात मांडीवर ठेवा. एक श्वास आत, सावकाश. एक बाहेर. कागदावरचा आकडा वाचा. तो दिवसाउजेडी, जेवणखाण झाल्यावर, शुद्धीत लिहिलेला आहे. त्या वेळी तुम्ही कोण होता, आणि आता बोली लावणारा कोण आहे? दोघांपैकी घर कुणाच्या भरवशावर सोपवाल?

या टप्प्यावर मला नेहमी जेफरसन बर्डिक आठवतात. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावी विजेच्या सामानाच्या कारखान्यात काम करणारा, एकटा राहणारा, संधिवाताने बोटं वाकडी झालेला माणूस. या छंदाला भाषा दिली ती त्यांनी. टी-२०६ हे नावही त्यांच्याच सूचीतलं. टी म्हणजे तंबाखूची कार्डं. त्यांच्या सूचीत होनस वॅग्नरची किंमत ५० डॉलर लिहिलेली होती, आणि तेव्हा तीसुद्धा सगळ्यांत वरची होती. मोठी श्रीमंती कधीच नसलेल्या या माणसाकडे शेवटी तीन लाखांहून अधिक छापील कागद जमले: कार्डं, जाहिराती, शुभेच्छापत्रं. त्यात तीस हजारांहून जास्त बेसबॉलची, आणि त्यांत वॅग्नरही. १९४७ पासून त्यांनी ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला द्यायला सुरुवात केली, आणि मग तिथल्या मुद्राचित्र विभागात एका टेबलापाशी बसून वर्षानुवर्षं ते वह्यांत चिकटवत राहिले. खळीने, वहीच्या पानावर. आजचा संग्राहक हे वाचून कळवळेल, कारण चिकटवलेल्या कार्डाची किंमत कोसळते. बर्डिकना त्यात कार्डाचं नुकसान दिसलं नसणार. पान लागलं की ते कायमचं जागेवर बसलं, एवढंच दिसलं असणार. १० जानेवारी १९६३ ला शेवटचं पान झालं. १३ मार्चला ते गेले.

त्यांच्या त्या वाकड्या बोटांकडे बघत थोडा वेळ बसा. सुई टोचावी तसं दुखत असणार, तरी बोटं कार्डाच्या कडा जुळवतायत. आज त्यांच्या वॅग्नरला कुणी विकू शकत नाही, विकत घेऊ शकत नाही. संग्रहालयात बर्डिक यांच्या कार्डांतली थोडी थोडी आळीपाळीने मांडतात. तिकीट काढून आत गेलेल्या कुणालाही, शाळेच्या सहलीतल्या पोरालाही, ती पाहता येतात. आपल्या संग्रहातली एखादी वस्तू अशी असू शकेल का, जी आपल्याला फक्त पाहायची आहे? तिला मनात एक जागा देऊन टाका आणि तिचा आकडा कागदावरून खोडा.

उरलेल्या आकड्यापुढे तारीख घाला. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचा, मधे नाही. पगार वाढला, बोनस आला, तरी सहा महिने होईपर्यंत नाही. कॉबची तांबडी प्रत त्याच्या चारही कार्डांत सगळ्यांत जास्त सापडते. ती या महिन्यात तुमच्या आकड्याच्या वर गेली तर पुढच्या महिन्यात कुठल्या ना कुठल्या लिलावात दुसरी येईल, कधी घडी पडलेली, कधी मागे डाग असलेली, कधी तुम्हाला हवी तशी.